हसणाऱ्याची जागा : बुलढाणा जिल्ह्यातील विनोदाच्या तीन परंपरा

१

मराठी विनोदाचा इतिहास सांगण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) हे मराठी विनोदी वाङ्मयाचे जनक, राम गणेश गडकरी हे त्यांचे शिष्य, पुढे चिं. वि. जोशी, प्र. के. अत्रे आणि पु. ल. देशपांडे. शालेय पाठ्यपुस्तकांपासून विद्यापीठीय प्रबंधांपर्यंत ही वंशावळ जवळजवळ न बदलता चालत आलेली आहे. ती खोटी आहे असे म्हणण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. मात्र वंशावळीत एक अंगभूत उणीव असते. मूळपुरुष कोण एवढे ती सांगते. तो कोणत्या गावी राहत होता, त्याच्या शेजारी कोण राहत होते आणि ते शेजारी कशाला हसत होते, याविषयी ती मौन पाळते.

कोल्हटकर जन्माने नागपूरचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले आणि १८९७ साली एल्‌एल. बी. होऊन त्यांनी वऱ्हाडात वकिली सुरू केली. अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद ही त्यांच्या व्यवसायाची गावे. यांतील खामगाव आणि जळगाव हे तालुके १९०५ साली अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाणा जिल्ह्याला जोडण्यात आले. म्हणजे आपण ज्याला आधुनिक मराठी विनोदाचे उगमस्थान समजतो, त्याचा भौगोलिक पत्ता पुणे वा मुंबई असा नसून बराचसा आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याच्या कचेऱ्यांचा आहे. या वस्तुस्थितीची आपल्या समीक्षेने चरित्रातील एक तपशील यापलीकडे दखल घेतलेली दिसत नाही. ती घेतली, तर विनोदाच्या इतिहासाकडे पाहण्याची आपली दृष्टी थोडी बदलावी लागेल, असे मला वाटते.

२

१९०२ साली ‘विविधज्ञानविस्तार’ या मुंबईच्या मासिकात ‘साक्षीदार’ हा कोल्हटकरांचा विनोदी लेख प्रसिद्ध झाला. त्यातून वाढत गेलेल्या लेखमालेचा पहिला संग्रह १९१० साली आला. त्यात अठरा लेख होते. म्हणून त्याला ‘सुदाम्याचे पोहे अर्थात अठरा धान्यांचे कडबोळे’ असे नाव मिळाले. पुढे लेखांची संख्या बत्तीस झाली आणि १९२३ च्या आवृत्तीत कडबोळ्याची ‘साहित्यबत्तिशी’ झाली.

याच १९०२ साली वऱ्हाड प्रांताच्या भवितव्याचाही एक निकाल लागला. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला हा मुलूख निजामाने नोव्हेंबर १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना दिला. प्रांत नावाने निजामाचा, कारभाराने इंग्रजांचा आणि भाषेने मराठी, अशी ही अवस्था. पुढच्याच वर्षी त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. भाडेकरूने घर कायमचे भाड्याने घ्यावे आणि मालकाने त्यावर आपल्या नावाची पाटी तेवढी ठेवावी, असा हा व्यवहार. त्या काळच्या वऱ्हाडी माणसाला राजकारणातील विसंगती ग्रंथांतून शिकावी लागत नव्हती. ती त्याच्या सातबाऱ्यापर्यंत येऊन पोचलेली होती.

या प्रांताचे अर्थकारणही ध्यानात घ्यायला हवे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. खामगावची बाजारपेठ एवढी मोठी झाली की १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा स्वतंत्र फाटा निघाला. पैशाबरोबर सावकारी आली, सावकारीबरोबर कज्जे आले आणि कज्ज्यांबरोबर वकील आले. मग १८९९–१९०० चा भीषण दुष्काळ आला. कोल्हटकर ज्या कचेऱ्यांत उभे राहत, त्यांत जमिनीचे, कर्जाचे, वाटणीचे आणि मानपानाचे दावे चालत. तालुक्याच्या कोर्टात शपथेवर खोटे बोलणारा साक्षीदार, कायद्याच्या भाषेत अडकलेला कुणबी, इंग्रजी शब्दांच्या आधाराने मराठी बोलणारा वकील आणि या तिघांचे म्हणणे तिसऱ्याच भाषेत लिहून घेणारा कारकून एकत्र येत. विनोदकाराला याहून समृद्ध शाळा मिळणे कठीण.

३

‘सुदाम्याचे पोहे’ची रचना आपल्या परिचयाची आहे. सुदामा हा निवेदक. बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्याचे सोबती. तिघेही जुन्या चालीरीतींचे अभिमानी, थोडे भित्रे, थोडे आळशी आणि स्वतःच्या शहाणपणाविषयी पूर्ण निःशंक. शिमगा, श्रावणी, गणेशचतुर्थी, लग्नसमारंभ अशा विषयांवर सुदामा लिहितो तो त्यांचे समर्थन करण्यासाठी. तो जितक्या हिरिरीने समर्थन करतो तितकी त्या रूढीची पोकळी उघडी पडते. त्या काळी परिषदांना आणि संमेलनांना जो ऊत आला होता त्याचे विडंबन करताना कोल्हटकरांनी चक्क ‘चोरांचे संमेलन’ भरवले.

या तंत्राला आपण उपरोध म्हणतो आणि त्याचे मूळ कोल्हटकरांच्या इंग्रजी वाचनात शोधतो. ते शोधणे योग्यच आहे. परंतु या उपरोधाचा एक धागा उलटतपासणीत आहे, हे आजवर पुरेसे सांगितले गेलेले नाही. उलटतपासणी करणारा चांगला वकील साक्षीदाराला खोटारडा म्हणत नाही. तो त्याला बोलू देतो, त्याच्या म्हणण्याला मान डोलावतो, आणखी थोडे सांगण्याचा आग्रह करतो. आणि साक्षीदार स्वतःच्याच तोंडाने स्वतःविरुद्ध पुरावा देऊन मोकळा होतो. सुदामा हा असा साक्षीदार आहे. सनातनी समाजाच्या बाजूने तो पिंजऱ्यात उभा आहे आणि आपल्याच पक्षाचा दावा बुडवतो आहे. लेखमालेच्या आरंभीच ‘साक्षीदार’ हे शीर्षक असावे, हा केवळ योगायोग मानणे मला जड जाते.

या रचनेतून कोल्हटकरांनी एक मोठी गोष्ट साधली. त्यांच्या आधी सुधारकी लेखनात सनातनी माणूस हा समोरचा माणूस होता. त्याच्यावर टीका होई, क्वचित त्याला शिव्या मिळत. कोल्हटकरांनी त्याला ‘मी’ केले. रूढीला हसणारा वाचक सुदाम्याला हसता हसता एकदम थबकतो, कारण सुदाम्याची भीती, सुदाम्याची सबब आणि सुदाम्याची बायकोपुढची बढाई त्याच्या स्वतःच्या घरातली असते. सुशिक्षित पांढरपेशा वर्गाला स्वतःकडे पाहून हसण्याची सवय मराठीत या पुस्तकाने लावली. गडकऱ्यांचा बाळकराम आणि चिं. वि. जोशांचा चिमणराव यांच्यासाठी जागा तयार झाली ती येथे. हे ऋण मोठे आहे आणि पुढे जे म्हणायचे आहे ते या ऋणाची कबुली देऊनच म्हणता येईल.

४

आता कोल्हटकरांच्या शेजाऱ्यांकडे वळू. श्रावणी अमावास्येला वऱ्हाडात पोळा भरतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून, मळून झालेले असतात. पोळ्याच्या दिवशी झुली, बेगड, बाशिंगे लावून बैल गावाबाहेर आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे केले जातात. मानकऱ्याच्या बैलजोडीने तोरण तुटेपर्यंत मधे जो वेळ असतो, तो झडत्यांचा. झडती म्हणजे तोरणाखाली मोठ्याने म्हटली जाणारी यमकबद्ध, तोंडपाठ वा आयत्या वेळी जुळवलेली रचना; शेवट महादेवाच्या गजराने. झडतीत देवाचे नाव असते, बैलाचे कौतुक असते आणि त्याबरोबर गावचा पाटील, सावकार, चिकट व्यापारी आणि अलीकडच्या काळात आमदार, कापसाचा भाव, वीजबिल आणि कर्जमाफी यांचा समाचार असतो. ज्याच्यावर झडती आहे तो बहुधा तेथेच उभा असतो. त्याला हसावे लागते. रागावला तर पुढच्या पोळ्यापर्यंत त्याची सुटका नाही.

बाख्तिन या रशियन समीक्षकाने राब्लेवरील आपल्या १९६५ च्या ग्रंथात मध्ययुगीन युरोपातील जत्रेच्या हास्याची जी मीमांसा केली, तिची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. एका दिवसापुरती उलटीपालटी, वरच्याला खाली आणण्याची परवानगी, सर्वांचे मिळून एक हसणे, ही लक्षणे झडतीलाही लागू पडतात. तरीही एक भेद नजरेआड करता येत नाही. झडती म्हणणारा उभा असतो तो बैलाच्या शेजारी. वर्षभर त्याने ज्याच्या खांद्यावर जू ठेवले त्या मुक्या सोबत्याच्या वतीने तो बोलतो. त्याच्या विनोदात स्वतःची फजिती आहे, पण ती सुदाम्यासारखी मूर्खपणाची नाही. ती नागवल्या गेलेल्या माणसाची आहे. तो स्वतःला हसतो तेव्हा त्या हसण्याचा रोख पाटलाच्या ओट्याकडे असतो.

कोल्हटकरांनी शिमग्यावर लिहिले, श्रावणीवर लिहिले. पण त्यांच्या विनोदात बोलणारा ‘मी’ हा तोरणाखालचा माणूस कधी झाला नाही. याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांच्या मर्यादेचा नसून आपल्या इतिहासलेखनाच्या मर्यादेचा आहे. छापलेले ते वाङ्मय आणि तोंडी ते लोकसाहित्य, अशी विभागणी करून आपण एकाला ‘विनोद’ म्हटले आणि दुसऱ्याला ‘चालीरीत’. पहिल्याचा अभ्यास समीक्षकाने करायचा, दुसऱ्याची नोंद गॅझेटियरने घ्यायची. एकाच तालुक्यात, एकाच वर्षी, एकाच सावकाराविरुद्ध चाललेला दावा कोर्टात आणि झडती तोरणाखाली असली, तरी या दोहोंचा संबंध लावण्याची गरज आपल्याला वाटली नाही.

५

या दोहोंशिवाय विनोदाची एक तिसरी परंपरा आहे आणि तिच्यामुळे ‘जनक’ या शब्दाचाच फेरविचार करावा लागतो. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. हे नाटक छापून वाचकांसमोर आले ते १९७९ साली, म्हणजे लिहिल्यानंतर सव्वाशे वर्षांनी. त्यात एक जोशी गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहांची भीती घालून तिला आणि तिच्या नवऱ्याला लुबाडतो. या सर्व प्रकारावर भाष्य करीत एक विदूषक सबंध नाटकभर वावरतो. संस्कृत नाटकातला विदूषक जातीने ब्राह्मण आणि राजाचा मित्र. फुल्यांनी त्याला राजवाड्यातून उचलले आणि कुणब्याच्या अंगणात आणून त्याच्याकडून जोशाचीच झडती घेवविली. विडंबन, उपरोध, निवेदकाचे भाष्य, ज्योतिषाची थट्टा, जे जे कोल्हटकरांच्या विनोदाचे विशेष म्हणून सांगितले जाते त्यांतील पुष्कळसे येथे सत्तेचाळीस वर्षे आधीच उपस्थित आहे. त्याला परंपरा निर्माण करता आली नाही, कारण ते छापले गेले नाही. आणि ते छापले गेले नाही, कारण बक्षीस देणाऱ्यांच्या मंडळात तो विनोद हसण्याजोगा वाटणारे पुरेसे लोक नव्हते. वाङ्मयेतिहासात ‘पहिला’ ठरण्यासाठी लिहिणे पुरत नाही. परीक्षकांना हसू यावे लागते.

या परंपरेचा बुलढाणा जिल्ह्याशी थेट संबंध आहे. फुल्यांचे पहिले मराठी चरित्र लिहिले ते चिखलीच्या पंढरीनाथ पाटील यांनी, १९२७ साली. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा घाट उचलून भटजीची आणि सावकाराची फजिती रंगमंचावर आणली, त्या चळवळीच्या वातावरणातले हे पुस्तक. त्याच १९२७ साली पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांकडे होते. एकाच जिल्ह्याशी नाते सांगणाऱ्या दोन मराठी लेखकांचे हे एकच वर्ष. एक संमेलनाच्या व्यासपीठावर, दुसरा चिखलीत. दोघांचाही रोख पुरोहितशाही आणि अंधश्रद्धा यांच्यावर होता. तरी आपल्या वाङ्मयेतिहासात ही दोन नावे एका पानावर क्वचितच येतात.

६

रोख एकच असताना जागा बदलली की विनोद कसा बदलतो, याचे एक उदाहरण याच परिसरात आहे. जळगाव-जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडून भोवती अठरा प्रकारची धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हालचालीवरून पाऊस, पीकपाणी आणि ‘राजा’ची गादी यांचे भाकीत सांगतात. ही परंपरा वाघ घराण्याकडे आहे आणि तिचा आरंभ चंद्रभान महाराज वाघ यांच्याकडे नेला जातो. दरवर्षी महाराष्ट्रातील वृत्तपत्रे ते भाकीत छापतात आणि लोकशाहीतल्या पंतप्रधानाच्या खुर्चीचा निर्णय विड्याच्या पानाच्या स्थितीवरून वाचला जातो.

या दृश्यात विसंगती आहे आणि ती हास्यकारक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्त्यांचे आक्षेपही रास्त आहेत. तथापि येथे कोण हसतो आहे ते पाहावे लागते. ‘तृतीय रत्न’मधला जोशी कुणब्याला लुबाडतो, म्हणून त्याच्यावरचा विनोद वरच्या दिशेने जातो. ‘भारतीय ज्योतिर्गणित’ (१९१३) हा ग्रंथ लिहिणारे कोल्हटकर रूढिप्रियतेला हसतात, तेव्हा ग्रहांचे गणित जाणणारा माणूस आपल्याच वर्गाच्या भोळेपणाला हसत असतो. हा विनोद आतल्या दिशेने जातो. भेंडवळच्या शेतात पहाटे जमलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र शहरातला वाचक हसतो, तेव्हा तो विनोद खालच्या दिशेने जातो. हवामानाचा भरवसा नाही, भावाचा नाही, सरकारचा नाही. अशा माणसाने अठरा धान्यांकडे पाहणे ही चूक असेल, पण त्या चुकीचे मूळ त्याच्या बुद्धीत कमी आणि त्याच्या परिस्थितीत अधिक आहे. विषय तिन्हीकडे एकच, भविष्य जाणण्याची हाव. हसणाऱ्याची जागा बदलली की तोच विनोद कधी न्याय होतो, कधी आत्मपरीक्षण होते आणि कधी नुसता उद्धटपणा होतो.

बर्गसाँने १९०० साली हास्यावरील आपल्या निबंधात हसणे ही समाजाने व्यक्तीला केलेली सौम्य शिक्षा आहे, अशा आशयाचा सिद्धांत मांडला. कोल्हटकरांच्या विनोदाला तो उत्तम लागू पडतो. परंतु शिक्षा करणारा ‘समाज’ कोणता, हा प्रश्न बर्गसाँने फारसा विचारला नाही. आणि आपणही विचारला नाही. भरताने नाट्यशास्त्रात तो निराळ्या तऱ्हेने सोडवून टाकला होता. उत्तम प्रकृतीच्या माणसांना स्मित आणि हसित, मध्यमांना विहसित आणि उपहसित, अधमांना अपहसित आणि अतिहसित, अशी त्याने हास्याची सहा प्रकारांत वाटणी केली. दात न दाखवता हसणे हे उच्च आणि अंग हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणे हे नीच. न. चिं. केळकरांच्या ‘सुभाषित आणि विनोद’ (१९०८) पासून ‘हास्यविनोदमीमांसा’ (१९३७) पर्यंत मराठीत विनोदाचा शास्त्रीय विचार पुष्कळ झाला. पण सूक्ष्म, निर्विष, अभिजात विनोदाकडे असलेला आपल्या अभिरुचीचा कल पाहिला, की भरताची ती उतरंड आपण कधी मोडलीच नाही अशी शंका येते. झडतीचे हसणे अतिहसित आहे. ते निर्विषही नाही. ज्याच्या खांद्याला घट्टे पडले आहेत त्याने निर्विष का असावे?

७

हा प्रश्न केवळ वाङ्मयेतिहासाच्या नीटनेटकेपणाचा असता तर त्यासाठी एवढा खटाटोप केला नसता. जुलै २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली. त्या सहांत बुलढाणा होता. जेथे मराठी विनोदाने वयात पदार्पण केले तोच हा मुलूख. या मुलखात पोळा अजून भरतो आणि झडती अजून म्हटली जाते. फरक असा की आता ती ऐकायला नेतेही येतात, टाळ्या वाजवतात, हसतात. झडतीचा मार ज्याच्यावर पडायचा, तोच तिचा रसिक झाला आहे. सत्तेला विनोद आवडू लागला की विनोदाने सावध व्हावे.

अशा वेळी सुदाम्याकडून शिकण्यासारखे काही उरते. सत्तेला थेट शिवी दिली तर ती ऐकू येत नाही आणि नुसते हसवले तर तिला बक्षीस द्यावेसे वाटते. तिची साक्ष घ्यावी, तिला बोलू द्यावे, आणखी थोडे सांगण्याचा आग्रह करावा, ही कोल्हटकरांची वकिली युक्ती अजून जुनी झालेली नाही. परंतु ती चालवायची तर उलटतपासणी घेणाऱ्याने उभे राहण्याची जागा आता बदलली पाहिजे. कचेरीतून निघून त्याला तोरणाखाली यावे लागेल, आणि वाटेत चिखलीवरून यावे लागेल.

‘सुदाम्याचे पोहे’ या नावात एका दरिद्री मित्राने श्रीमंत मित्राला दिलेली भेट आहे. त्या कथेत पोहे नेणारा गरीब आहे आणि खाणारा राजा, हे आपण विसरत आलो. मराठी विनोदाचा इतिहास नव्याने लिहिताना ही पुरचुंडी कोणाच्या घरून निघाली, एवढे जरी कोणी विचारले, तरी खामगावच्या कचेरीत ज्यांच्या साक्षी झाल्या त्या माणसांची नावे नाही तरी त्यांचे हसणे त्या इतिहासात येईल.